आधी पाणी, मग सावली, शोभा शेवटी

(सिल्लोड येथे भरलेल्या रोपवाटिकाधारक, बागकाम ठेकेदार आणि व्यावसायिकांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)

 

अध्यक्षाने आपल्या व्यवसायाचा गौरव करावा अशी रीत आहे. ते काम स्वागताध्यक्षांनी भरपूर केलं, त्यामुळे मी मोकळा झालो. मला आपल्या धंद्याचं एक दुखणं मांडायचं आहे. आपण बागा उद्घाटनासाठी करतो, मे महिन्यासाठी करत नाही.

उद्घाटनाची बाग कशी होते, ते इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. शोरूमचा मुहूर्त ठरलेला असतो, रंगकाम चालू असतं, इलेक्ट्रिशियन अजून शिडीवर असतो, आणि मालकाचा फोन येतो, "चार दिवसांत समोरचं हिरवं करून द्या." आंध्रातल्या कडियमहून आलेल्या ट्रकमधले पाम उतरतात. मुरूम-मातीवर लॉनचे तुकडे पसरले जातात, कडेने रंगीत पानांची रोपं दाटीवाटीने बसतात, दारात दोन मोठ्या कुंड्या. फीत कापली जाते, फोटो निघतात, आपलं बिल निघतं. गुढीपाडव्याला लॉन पिवळं पडायला लागतं. अक्षय्य तृतीयेला पामचे शेंडे वाळतात. रोहिणी निघेपर्यंत तिथे ठिबकच्या नळ्या आणि पानाच्या पिचकाऱ्या उरतात. मग पुढच्या दिवाळीला मालक पुन्हा फोन करतो, आणि आपणही तेच पुन्हा लावून देतो. आपल्यापैकी काहींना हा धंदा बरा वाटतो, कारण गिऱ्हाईक परत येतं. माझ्या मते असा धंदा फार दिवस चालत नाही. दोनदा पैसे घातलेला माणूस तिसऱ्यांदा प्लॅस्टिकचं गवत घालतो, आणि ते गवत उन्हात इतकं तापतं की त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही.

हे होतं याचं कारण आपण हिशेब उलटा मांडतो. गिऱ्हाईक विचारतं, "काय छान दिसेल?" आपण कॅटलॉग काढतो. पहिला प्रश्न पाण्याचा असायला हवा. आपला तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याचा आणि माथ्याचा. पाऊस सालाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चांगल्या वर्षी, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसला, २०१२-१३ चा आपण पाहिला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते अख्ख्या देशाने पाहिलं. अशा मुलखात सजावटीसाठी पाणी मागायचं, तर आधी ते मोजलं पाहिजे.

मोजणी अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर रोज किमान पाच मिलिमीटर पाणी लागतं. हजार चौरस फूट लॉन म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, म्हणजे रोजचे साडेचारशे-पाचशे लिटर. मंगल कार्यालयाचं लॉन दहा हजार चौरस फुटांचं असलं, तर रोज पाच हजार लिटरचा एक टँकर निव्वळ गवताला. आणि लग्नसराई कधी? एप्रिल-मे. आपल्या गावांत टँकर कधी सुरू होतात? एप्रिल-मे. म्हणजे ज्या दिवशी पंगतीतले पाहुणे हिरवळीवर बसून आइस्क्रीम खातात, त्याच दिवशी शेजारच्या वस्तीत हंड्यांची रांग लागलेली असते. कोणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. मंगल कार्यालय चाललं पाहिजे, त्यावर शंभर घरं जगतात: आचारी, वाजंत्री, मांडववाले, फुलवाले. पण तिथल्या मालकाला पाहुण्यांसाठी नेमकं काय हवं आहे, हे आपण त्याला विचारत नाही. त्याला संध्याकाळी पाच वाजता बसता येईल अशी थंड जागा हवी आहे. लॉन ती देत नाही. पाचला लॉनवर ऊन असतं, म्हणून त्यावर पुन्हा कापडी मांडव घालावा लागतो. त्याच जागेवर कडुनिंब, करंज आणि चिंचेची पन्नास झाडं असती, तर?

दोन-तीन वर्षांच्या झाडाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोन वेळा वीस-वीस लिटर पाणी पुरतं. पन्नास झाडांचे आठवड्याला दोन हजार लिटर झाले. त्या लॉनचे आठवड्याला तीस हजारांच्या वर होतात. शिवाय झाडाचं पाणी दरवर्षी कमी करता येतं. चौथ्या-पाचव्या वर्षी कडुनिंबाला कोणी पाणी घालत नाही, तो आपलं आपण शोधतो. लॉनला पंधराव्या वर्षीही तितकंच पाणी लागतं. एवढं गणित गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडून पाहा. व्यापारी माणूस आहे, लगेच समजतो.

मग पाणी आणायचं कुठून? त्याच्या स्वतःच्या छतावरून. सिल्लोडमध्ये मक्याची आणि कापसाची गोदामं कमी नाहीत. दहा हजार चौरस फुटांच्या एका पत्र्यावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर साडेसहा लाख लिटर पाणी होतं. गळती, वाफ आणि पहिल्या पावसाचं मळकं पाणी सोडून दिलं, तरी पाच लाख लिटर हाती लागतं. शंभर टँकर! आज ते पन्हाळीतून रस्त्यावर येतं आणि शेजाऱ्याशी भांडण लावतं. एवढं सगळं साठवायला टाकी बांधणं परवडत नाही, हे मान्य. पण अर्धं बोअरच्या शेजारी मुरवलं, थोडं टाकीत धरलं आणि बाकीचं झाडांच्या आळ्यांकडे चर काढून वळवलं, तरी बागेचा प्रश्न सुटतो. बागेचा नकाशा काढण्याआधी पन्हाळीचा उतार कुठल्या बाजूला आहे ते पाहा. बाग त्या बाजूला करा. दर्शनी भागात बाग असावी असा काही धर्मशास्त्राचा नियम नाही.

ही अक्कल नवी नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिली आहे, पण धंदेवाल्याच्या नजरेने क्वचितच पाहिली असेल. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर आणलं, उंच भिंतीवर चढवलं, तिथून खाली सोडून जातं फिरवलं, पीठ दळलं. दळून झालेलं पाणी वाया गेलं नाही. ते मोठ्या हौदात पडलं, कारंजी उडाली, हौदाच्या तळाखाली दालन काढलं ते उन्हाळ्यात गार राहिलं, आणि वर वडाची सावली. ती गिरणी होती, कामाची जागा होती. पाण्याने आधी काम केलं, मग शोभा दिली. त्याआधी मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, नहरींचं जाळं घातलं, म्हणून तर पुढे तिथे शहर आणि बागा टिकल्या. आपल्या जिल्ह्यात हा वारसा असताना आपण मिलानच्या झाडांनी मढलेल्या इमारतीचा फोटो मोबाइलवर दाखवून ४२ अंशांच्या उन्हात भिंतीवर प्लॅस्टिकच्या कुंड्या टांगतो. भिंतीवरच्या त्या कुंडीत माती किती? दोन मुठी. पश्चिमेच्या भिंतीवर ती माती दुपारी एक वाजता भाजून निघते. मी तर माझ्या गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगतो: आपल्याकडे उभी बाग हवी असेल तर जमिनीत वेल लावा. मधुमालती, जाई, गुळवेल. मुळं जमिनीत गार राहतील, पानं भिंत झाकतील.

झाडांची निवड करतानाही आपण दूरचं पाहतो आणि जवळचं विसरतो. अजिंठ्याचा घाट उतरताना फाल्गुनात पळस पेटलेला असतो, काटेसावर फुललेली असते, चैत्र-वैशाखात बहावा लोंबतो. त्या डोंगराला कोणी पाणी घालत नाही. तिथे अंजन आहे, धावडा आहे, सालई आहे, मोह आहे, आपटा, बेल, कवठ आहे, सीताफळ तर उतारावर आपोआप येतं. ही झाडं शेकडो उन्हाळे पास झालेली आहेत. आणि आपण काय लावतो? बाटलीसारख्या बुंध्याचे पाम, ज्यांची सावली त्यांच्या स्वतःच्या बुंध्यालाही पुरत नाही. गुलमोहर मादागास्करचा, फुलतो देखणा, पण वादळात फांदी मोडून उभ्या गाडीवर पडते. झटपट हिरवी भिंत हवी म्हणून लोकांनी कोनोकार्पस लावला. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीला मनाई केली, मुळांचा आणि परागकणांचा त्रास बघून. राज्यफूल म्हणून ताम्हण लावायची हौस पुष्कळांना असते. झाड सुंदर आहे, वादच नाही, पण ते ओलाव्याच्या मुलखातलं. इथे त्याला कायम पाणी द्यावं लागतं. अभिमानापोटी लावलेलं झाड अभिमानावर जगत नाही.

यावर आपल्या रोपवाटिकावाल्यांचं एक खरं उत्तर असतं, "साहेब, अंजनाचं रोप मागतं कोण?" बरोबर आहे. मागणी नाही म्हणून रोप नाही, आणि रोप नाही म्हणून मागणी नाही. हा गुंता आपल्यालाच सोडवायचा आहे. गिऱ्हाइकाला झाडांची नावं माहीत नसतात. तो आपल्याकडे जे उभं दिसेल ते घेतो. आपण सहा-सात फुटांचं, दोन वर्षं वाढवलेलं करंज, बहावा, कांचन, आपटा, शिवण पुढच्या रांगेत ठेवलं तर तो तेच नेईल. वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत देशी रोपं मिळतात, पण बहुतेक लहान. व्यापारी जागेत लहान रोप गाईच्या तोंडी जातं, नाहीतर मोटारसायकलच्या चाकाखाली. तिथून लहान रोप आणून दोन वर्षं मोठ्या पिशवीत वाढवणं, हा सरळ धंदा आहे. कडियमच्या ट्रकचं भाडं वाचेल ते वेगळंच.

आता खड्ड्याबद्दल. हा विषय सभेत काढायचा नसतो, पण माझ्या मते आपली निम्मी झाडं खड्ड्यात मरतात. गेल्या उन्हाळ्यात एका गोदामाच्या आवारात वाळलेलं सहा फुटांचं झाड आम्ही उपटलं. एका हाताने निघालं. खड्डा जेमतेम फूटभर. खाली बांधकामाचा राडारोडा: विटांचे तुकडे, घट्ट झालेली सिमेंटची गाळण, टाइल्सच्या कपच्या. आणि मातीच्या हुंडीला काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच गुंडाळलेली. मुळं पिशवीच्या आत गोल गोल फिरून गुदमरली होती. वर मात्र गोल आळं, त्याला पांढरे दगड, पाटीवर झाडाचं नाव आणि लावणाऱ्या पाहुण्यांचं नाव. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल हे आपण सगळे कोटेशनमध्ये लिहितो. खणताना किती जणांचा जेसीबी तीन फुटांपर्यंत जातो? व्यापारी भूखंड म्हणजे भराव. पायाची काळी माती आधीच उचलून नेलेली असते, वर मुरूम दाबलेला असतो, त्यात सिमेंटचा चुना मिसळलेला असतो. तिथे खड्डा मोठा करावाच लागतो, राडारोडा बाहेर काढावाच लागतो, चांगली माती, शेणखत, निंबोळी पेंड भरावीच लागते. आळ्यात उसाचं पाचट नाहीतर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं तर पाणी निम्म्यावर येतं. हा खर्च दिसत नाही, म्हणून आपण तिथे काटकसर करतो, आणि पांढऱ्या दगडांवर खर्च करतो.

तीच गोष्ट गट्टूंची. दुकानासमोर बुंध्याला चिकटवून गट्टू बसवतात, सिमेंटने सांधे भरतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढायला सांगितलं होतं. आपण दिल्लीची वाट कशाला पाहावी? एक मीटर मोकळी जागा नकाशातच ठेवा. दुकानदार म्हणेल, तेवढ्यात एक गाडी उभी राहते. त्याला सांगा, मे महिन्यात गिऱ्हाईक गाडी कुठे लावतं ते बघ. सावलीत.

रस्त्यालगतच्या दुकानदारांची दुसरी तक्रार असते, झाड बोर्ड झाकतं. ही तक्रार खोटी नाही. पण तिच्यावर उपाय कुऱ्हाडीचा नसून करवतीचा आहे. झाड लहान असताना पहिली चार-पाच वर्षं खालच्या फांद्या टप्प्याटप्प्याने काढत गेलं, की बुंधा दहा-बारा फूट सरळ चढतो आणि डेरा बोर्डाच्या वर जातो. जाड फांदी काढताना आधी खालून थोडा काप द्यायचा, मग पुढच्या बाजूला वरून कापून फांदीचं वजन उतरवायचं, आणि शेवटी बुंध्याजवळच्या कॉलरला धक्का न लावता उरलेला खुंट काढायचा. तीन काप. एकाच कापात फांदी ओढली तर साल बुंध्यापर्यंत सोलून निघते, आणि झाड आतून कुजायला लागतं. हे आपल्या पोरांना शिकवायला अर्धा दिवस पुरतो. नाहीतर दुकानदार छाटणी विजेच्या तारावाल्याकडून करून घेतो, आणि तो झाडाचा खराटा करून जातो. नगर परिषदेच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष जतन कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांचं झाड म्हणजे वारसा वृक्ष, हेही दुकानदाराला आपणच सांगावं. रात्री बुंध्याशी ॲसिड ओतणाऱ्यांना काय सांगावं, ते मला सुचत नाही.

प्रत्येक व्यवसायाची गरज वेगळी असते, हे मात्र आपण विसरतो आणि सगळीकडे एकच नकाशा चिकटवतो. जिनिंग घ्या. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तिथे रुई उडते, धूळ उडते, आणि आगीची भीती कायम. तिथे वाळलेलं गवत नको, पालापाचोळ्याचे ढीग नकोत, तेलकट पानांची निलगिरी तर मुळीच नको. कापसाच्या गंजीपासून दूर, हद्दीच्या कडेने करंज आणि कडुनिंबाच्या दोन दाट रांगा लावा. रुई आणि धूळ शेजारच्या वस्तीत जाण्याआधी तिथे अडेल. आत हमालांना जेवायला एक मोठं झाड आणि त्याखाली पार. एवढी बाग जिनिंगला पुरे. बाजार समितीतही हेच. मिरचीच्या किंवा मक्याच्या लिलावाला आलेला शेतकरी दुपारभर ट्रॉलीच्या सावलीत बसतो. त्याला कारंजं नको, वड हवा.

दवाखान्याचं वेगळं. तिथे कण्हेर लावू नये, विषारी आहे आणि मुलं येतात. वासाने डोकं उठवणारी झाडं खिडकीशी नकोत. पण झाड दिसलं मात्र पाहिजे. अमेरिकेत रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधं कमी लागली. अभ्यास छोटा आहे, पण खिडकीसमोर एक बहावा लावण्यापुरता तो मला पुरेसा वाटतो. तिकडच्याच कॅथलीन वुल्फ यांनी बाजारपेठांतल्या ग्राहकांना विचारलं, तेव्हा झाडं असलेल्या बाजारात त्याच वस्तूला दहा टक्क्यांच्या आसपास जास्त द्यायची तयारी लोकांनी दाखवली. हा आकडा आपण व्यापाऱ्यांना जरूर सांगावा, पण थोडा जपून. तोंडी सांगितलेले पैसे आणि गल्ल्यात पडलेले पैसे यांत फरक असतो, हे सिल्लोडच्या व्यापाऱ्याला आपण शिकवायची गरज नाही.

हॉटेलवाल्यांसाठी एक शब्द. अजिंठ्याला जाणारं जग आपल्या दारावरून जातं. लेणी १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. संभाजीनगरहून निघालेली पर्यटकांची गाडी शंभरेक किलोमीटरच्या वाटेत सिल्लोडमधून जाते, आणि बहुतेक वेळा थांबत नाही. रस्ता रुंद झाला, कडेची जुनी झाडं गेली. आता सावली फक्त खासगी आवारात मिळू शकते. ज्याच्या अंगणात दोन डेरेदार कडुनिंब आहेत, त्याच्याकडे गाड्या आपोआप वळतात. ज्या ढाब्यांवर अशी झाडं टिकली, तिथे दुपारी बाजा आधी झाडाखालच्या भरतात, मग कूलरखालच्या. हॉटेलातलं भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी, हात धुण्याचं पाणी बागेला वळवा. न्हाणीच्या पाण्यावर केळ, अळू, कर्दळ लावायची आपल्या घरांची जुनी पद्धत होतीच. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी मात्र जपून वापरा, त्यात क्षार जास्त असतात. आणि गाड्या धुतलेलं तेलकट पाणी तर कुठल्याच आळ्यात नको.

मोठ्या उद्योगांनी हे केलं नाही असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना मांडला तेव्हा तिथे निवडुंग आणि साप होते. त्या माळाची वाडी झाली. सुमंत मूळगावकरांनी पुण्यातल्या टेल्कोच्या ओसाड जागेवर हजारो झाडं लावून घेतली, तळं केलं, पुढे तिथे पक्षी आले. ट्रक बनवणारा माणूस पक्ष्यांसाठी वेळ काढू शकतो, तर आपल्या शोरूमवाल्याला दोन झाडांसाठी का काढता येऊ नये? आणि सगळ्यांत जवळचं उदाहरण आपल्याच रस्त्यावर आहे. घाट उतरून फर्दापूरच्या पुढे गेलं की वाकोद लागतं. तिथल्या भवरलाल जैन यांनी जळगावजवळची उघडी टेकडी हातात घेतली. आधी उतारावर पाणी अडवलं, चर काढले, तळी केली, आणि मग झाडं लावली. ती जैन हिल्स आज आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. मला त्यातली मेहनत दिसते ती क्रमाची. पाणी पहिलं. ठिबकचा कारखानदार होता म्हणून जमलं, असं कोणी म्हणेल. पण उतारावर चर काढायला कारखाना लागत नाही.

थोडं मागे जाऊ. अजिंठ्याची लेणी राजेरजवाड्यांनी खोदली एवढंच आपण सांगतो. पण बाराव्या लेण्यात घनामदड नावाच्या व्यापाऱ्याच्या दानाचा शिलालेख आहे. या मुलखातून व्यापारी मार्ग जात होता आणि त्या मार्गावरचा एक वाणी वाघूरच्या काठच्या त्या दरीत आपल्या कमाईतला वाटा देऊन गेला. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याचं छत मान वर करून पाहा. कमळं, फळं, वेली, पाखरं. खडकाच्या पोटात, जिथे पान उगवणार नाही, तिथे चित्रकारांनी बाग मांडली. व्यापाऱ्याच्या पैशाने देखणं काम होऊ शकतं, याचा पुरावा आपल्या तालुक्याच्या सीमेवर आहे. आपल्याकडे पैशाची अडचण नाही, कामाच्या ठरावाची आहे.

म्हणून शेवटी ठरावाबद्दल. २०२० च्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीने ०.४ हेक्टरहून मोठ्या भूखंडात दहा टक्के जागा मोकळी ठेवायला लावली आहे. नकाशात ती हिरव्या रंगाने रंगते, आणि प्रत्यक्षात तिथे वाळूचा ढीग, जनरेटर नाहीतर जुनी फ्लेक्स असतात. इंजिनिअर मित्रांना माझी विनंती आहे, ती जागा भूखंडाच्या कोपऱ्यातल्या निरुपयोगी त्रिकोणात ढकलू नका, पाणी उतरतं त्या बाजूला ठेवा. वृक्षलागवडीच्या मोहिमांत राज्याने २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी, २०१९ ला तेहेतीस कोटींची लक्ष्यं ठेवली. लावलेल्या झाडांचा आकडा प्रत्येकाला पाठ असतो. आपल्या खासगी ठेक्यांतही तोच रोग शिरला आहे. बिल रोपांच्या संख्येवर आणि चौरस फुटांवर निघतं. जगलेल्या झाडांवर निघत नाही.

माझी सूचना अशी. कामाच्या पैशांचे तीन भाग करा. चाळीस टक्के लावताना घ्या, तीस टक्के पहिला उन्हाळा निघाल्यावर, आणि तीस टक्के दुसरा उन्हाळा निघाल्यावर, जगलेल्या झाडांच्या प्रमाणात. मेलेल्या जागी नांग्या आपण आपल्या खर्चाने भरायच्या. सुरुवातीला हातात पैसा कमी राहील, काही ठेके हातचे जातील. पण खड्डा आपोआप तीन फूट खोल जाईल आणि पिशवी आपोआप निघेल. दुसरी गोष्ट, कोटेशनमध्ये माळ्याचा पगार वेगळ्या ओळीत लिहा. आज तो कुठेच नसतो. वॉचमन पाणी घालील असं धरलेलं असतं, वॉचमन सांगतो ते माझं काम नाही, आणि तो बरोबर असतो. चार-पाच दुकानांनी मिळून एक माळी ठेवला तर प्रत्येकाला फार पडत नाही. आठवड्याचे दिवस तो या आवारांत वाटून घेईल. त्याला आळी बांधता आली पाहिजेत, ठिबकचा बंद पडलेला ड्रीपर उघडता आला पाहिजे, छाटणी कळली पाहिजे. असे माळी तयार करणं हे काम आपल्या या मंडळींनीच हाती घ्यावं, सरकारी योजनेची वाट पाहू नये. खुरपं धरलेल्या या माणसाला आपण मेळाव्याला बोलावलं नाही. पुढच्या वेळी तो पहिल्या रांगेत बसलेला दिसावा.

संयोजकांना एक शेवटची विनंती करतो आणि थांबतो. आपले मेळावे नेहमी पावसाळ्याच्या तोंडावर होतात, कारण तेव्हा विक्री असते. पुढचा मेळावा मेच्या तिसऱ्या आठवड्यात घ्या. प्रत्येकाने या पावसाळ्यात व्यापारी जागांवर किती झाडं लावली आणि त्यांतली त्या दिवशी किती हिरवी आहेत, हे कागदावर लिहून आणावं. मीही माझा कागद घेऊन येईन.